लेप सुटला, डॉक्टर अडले

मित्रांनो, मी वाचनालयाच्या कपाटावर बसलेला एक जुना राउटर आहे. इंटरनेट माझ्या पाठीतल्या तारेतून येतं आणि हवेतून तुमच्या फोनात शिरतं. कारखान्यातून नवाकोरा आलो, तेव्हा अध्यक्षांनी भाषण ठोकलं, "ज्ञानाला दार नको!" टाळ्या पडल्या आणि मी मूर्खासारखा हुरळलो.

दार नव्हतंच, त्यामुळे वाटेल तो आत आला. समोरच्या शिंपीणबाईंच्या छातीत गाठ आली होती. लाजेपायी घरी बोलल्या नाहीत, वाचनालयात येऊन फोनवर शोधू लागल्या. सगळ्यात वर दिसला एका भोंदूचा लेप. बाईंनी तो थापला आणि कातडी भाजून घेतली. फोनवरच्या लेपाने भाजलं एवढंच कळल्यावर अध्यक्ष गरजले, "कुलूप घाला याला!" 'ज्ञानाला दार नको' गेलं चुलीत.

मग वाचनालयाच्या समितीने चहा पीत पीत वाईट शब्द ठरवले; ते ज्या पानावर असतील ते पान मी अडवायचं. त्यांत 'स्तन' हा शब्दही घातला. चार शहाण्यांपैकी एकालाही आजार आठवला नाही. भोंदू मात्र चतुर! त्याच्या जाहिरातीत 'नाजूक दुखणं' असं सभ्य लिहिलेलं होतं, म्हणून ती सुखरूप पार झाली. डॉक्टरांची पानं तेवढी मला अडवावी लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी डॉक्टरांचं पान उघडलं, तर फोनवर अक्षरं उमटली, 'अश्लील मजकूर. प्रवेश नाही.' शेजारी बसलेल्या ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय हो बाई, या वयात असलं काय बघता?"

"नाही हो काका, चुकून लागलं," म्हणत बाई उठल्या. मला तोंड असतं तर त्या काकांना तिथेच झापलं असतं.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा गाठ काखेपर्यंत गेली होती. पुढच्या वर्षी बाई वारल्या. शोकसभा वाचनालयातच झाली आणि तिथेही दोन तट पडले. एक म्हणे कुलूप काढा, दुसरा म्हणे आणखी घट्ट करा. बाईंची लेक मागे उभी होती, तिला कुणी बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही. कंटाळून एकाने फोनवर गाठीचा उपाय शोधला. लेपाची जाहिरात अजूनही सगळ्यात वर होती.

आता मी धूळ खात पडलोय, ती पुसायलाही ठराव लागेल. मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा नियम जरूर करा, पण खोटं विकणाऱ्याची मानगूट धरा, विचारणाऱ्याचं तोंड दाबू नका. तो भोंदू अजून मोकळा आहे. आधी त्याला अडवा, मग माझ्या कुलपावर भांडत बसा.