जोडीनं सत्कार

सौदामिनीबाईंना त्या थॉर्नडाइक साहेबाची मनापासून चीड होती. दीडशे वर्षांपूर्वी हा पक्षितज्ज्ञ गोरा इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला तंबू ठोकून राहिला, पाखरं मारून, पेंढा भरून विलायतेला धाडली आणि मोठा झाला. पाखरांची चित्रं सगळी त्याच्या बायकोनं रंगवलेली. पण मित्रांना लिहिलेल्या पत्रांत तिच्या वाट्याला शेवटची एकच ओळ यायची, 'बायकोची तब्येत बरी आहे.' ती पत्रं मराठीत आणण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. प्रस्तावनेत त्यांनी साहेबाची यथेच्छ खरडपट्टी काढली होती.

पुस्तक निघालं आणि नांदेडच्या एका मंडळानं सत्कार ठेवला. सत्कार जोडीनं करायची आपल्याकडे रीत, म्हणून शाल आणि फेटा बाईंचे यजमान विद्याधररावांना, बाईंच्या ओटीत खण-नारळ. पुस्तकाचं पानही न उलटलेल्या विद्याधररावांनी माईक हातात आल्यावर तो सोडलाच नाही. 'आमचा साहेब' म्हणत राहिले. बाई ओटी सावरत बसून राहिल्या.

घरी आल्याआल्या निलंग्याहून धाकट्या दिराचा फोन आला. बाई चहा टाकायला आत गेल्या. बाहेर विद्याधरराव फेट्यासकट कोचावर टेकले होते.

"हाव, लई जोरात झाला कार्यक्रम. हॉल गच्च भरला होता. शाल बी भारी दिली." मग दिरानं वहिनीची चौकशी केली असावी.

"तिला काय होतंय? तब्येत बरी आहे तिची."