जाण्याची तारीख

फ्रिजवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीचं एक टोक सुटलं होतं, आणि कोणी फ्रिज उघडला की ते हलायचं – बाबा, पेन्शन, देवळाजवळ, पंधरापासून. अक्षर सुनेचं, वैभवीचं. श्रीपादरावांनी चहाचा कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला. तेवढाच वेळ तिथे उभं राहता आलं. चौतीस वर्षं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत लोकांचे दस्त तपासलेला माणूस. चार शब्दांत काय काय दडवता येतं हे त्याला कोणी शिकवायला नको. आणि मागच्याच आठवड्यात मुलाने, निहारने, जेवताना अगदी सहज विचारलं होतं – बाबा, तुमचा हयातीचा दाखला इथून पाठवता येतो का हो? सहज म्हणे. दाखला लागतो नोव्हेंबरात. पुण्याचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं. मग नोव्हेंबरात मी इथे कशाला असेन?

"ईप्सिता," त्यांनी नातीला हळूच विचारलं, "आईने हे पेन्शनचं काय लिहिलंय गं?"

आठ वर्षांच्या ईप्सिताला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. "दास इस्ट वी होटेल, आजोबा. नुअर क्लाइन." लहान म्हणजे केवढं, ते तिने दोन तळहात जवळ आणून दाखवलं आणि हसली.

हॉटेल. म्हणजे इथे पेन्शन म्हणजे उतरायची जागा. श्रीपादरावांना स्वतःचीच लाज वाटली – पोटच्या पोराचा आपल्या पेन्शनवर डोळा आहे असं आपण... पण ती लाज बूट घालून होईपर्यंतही टिकली नाही. पैसे नकोत, ठीक. मग माणूसच नकोसा झालाय की काय?

यामागचं कारण निहारने खोली बघायला जाताना ट्राममध्ये सांगितलं. ते सरळ होतं, आणि म्हणूनच त्यांना ते पटेना. वैभवीचे दिवस भरत आले होते. पंधरा तारखेला तिची आई, शोभनाताई, बाळंतपणासाठी येणार. ड्युसेलडॉर्फमधलं घर दोन खोल्यांचं. विहीणबाई बाहेरच्या खोलीत झोपणार आणि आपण पहाटे उठून त्यांच्या अंगावरून न्हाणीघराकडे जाणार, हे दिसायला कसं दिसेल... हे सगळं खरंच होतं. पण खरं कारण पुढे करून खोटं काम उरकणारी माणसं त्यांनी टेबलाच्या अलीकडून काय कमी पाहिली होती?

"नदीपलीकडे जपानी देऊळ आहे, बाबा. तुम्ही पुण्यात रोज सकाळी देवळात जाता ना, त्याच्याजवळ राहिलात तर चालत जाता येईल. आता, तिथे बुद्ध आहे, पण म्हटलं..." निहार खिडकीबाहेर पाहत बोलत होता. "देवाजवळ बरं वाटेल तुम्हांला."

देवाजवळ बरं वाटेल तुम्हांला. हे वाक्य आधी कुठे तरी... ट्राम पुलावर आली, खाली ऱ्हाईन, तिच्यावरून एक लांबलचक मालवाहू बोट संथ चाललेली, आणि वाक्य तोंडात अडकलेल्या कढीपत्त्यासारखं जिभेखाली राहून गेलं.

पहिली खोली त्यांनी उंबऱ्यातूनच नाकारली. स्वच्छ होती, खाली बेकरी होती. पण पलंगाशेजारी भिंतीवरून एक लाल दोरी लोंबत होती.

"ही कशाला?"

"कोणी पडलं-बिडलं तर ओढायची. लगेच माणूस येतो."

"मी पडत नाही," श्रीपादराव म्हणाले.

दुसरी जागा फ्राऊ केसलर नावाच्या बाईंची, देवळाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाट, टेबल, खुर्ची, पाण्याची किटली. इथे दोरी नव्हती. त्यांनी पडद्यामागेही पाहिलं. खिडकीतून देवळाचं टोकांशी वर वळलेलं छप्पर दिसत होतं, आणि ते बघत असतानाच घंटा झाली. आपल्याकडच्यासारखी किणकिण नाही, एकच जाड ठोका, आणि मग बराच वेळ नुसता घुमारा – नदीवरून येणारा – नाही, ती नदी ही नव्हे, ती कृष्णा, आणि ती खिडकी वाडीच्या धर्मशाळेतली, नरसोबाच्या वाडीची...

सत्तर साल. वसुधाचे दिवस भरत आले होते, तिची आई यायची होती, आपलं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. मी वडिलांना, अण्णांना, वाडीला नेलं. खाट होती, कोनाडा होता, माठ होता. मी म्हणालो, अण्णा, देवाजवळ बरं वाटेल तुम्हांला. महिन्याभराने न्यायला येतो. निहार झाला, मग त्याचं बारसं झालं, मग त्याला डांग्या खोकला, मग पावसाळा... धर्मशाळेच्या वहीत शेवटचा रकाना होता, जाण्याची तारीख. लोकांच्या दस्तातली कोरी जागा दिसली की तिच्यावर रेघ मारल्याशिवाय पुढे न जाणारा मी, तो रकाना तसाच ठेवून पळत बस गाठली. अण्णांना आणायचं राहिलं. तीन वर्षांनी ते तिथेच गेले, आणण्यासारखे उरलेच नाहीत. वसुधा जाईपर्यंत आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

"बाबा, आवडली ना?" निहारने विचारलं.

फ्राऊ केसलरनी टेबलावर फॉर्म ठेवला. निहारने नाव घातलं, येण्याची तारीख पंधरा घातली आणि पेनाला टोपण लावलं. श्रीपादरावांची नजर सवयीने कोऱ्या जागेवर गेली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"आब्राइजं. म्हणजे जाण्याची तारीख."

"ती का नाही घातलीस?"

"आल्झो, म्हणजे असं, बाबा, बाळ कधी होतंय, शोभनाताई कधी जातायत... आत्तापासून कशाला बांधून घ्यायचं? मला तर वाटतं तुम्ही डिसेंबरपर्यंत राहावं. तिकीट बदलता येतं. बघू या."

बघू या. मीही बघू या म्हणालो होतो. श्रीपादरावांना विचारायचं होतं, मला घराबाहेर काढतोयस का रे? पण तोंडातून भलतंच निघालं.

"किल्ली कोणाकडे राहील?"

"तुमच्याकडेच की, बाबा."

हेच. अण्णांनी त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, आणि आपण हेच उत्तर दिलं होतं, याच चालीत. श्रीपादराव हसले, आणि गालांना ते हसणं ओळखीचं वाटलं. अण्णाही असेच हसले होते. छत्तीस वर्षं आपण ते हसणं समाधानाचं धरून चाललो होतो.

निहार फ्राऊ केसलरकडे वळून काही तरी म्हणाला. "गेनाऊ," बरोबर, असं म्हणत त्यांनी खणातून दुसरी किल्ली काढली. निहारने ती आपल्या जुडग्यात घातली; कडं घट्ट होतं, नख मोडलं, तरी घातली.

"तुला कशाला?" श्रीपादरावांनी विचारलं.

"ऑफिसातून येताना लागेल ना. रोज काय तुम्हांला उठून दार उघडायला लावू?"

रोज. त्यांनी त्या शब्दावर संशय घेऊन पाहिला. कधीही येऊन बघता यावं, नजर ठेवता यावी, म्हणून असेल... पण नेहमी आपसूक धरणारा संशय या वेळी निहारवर नीट बसेना. तो घसरून मागे जात होता, त्या कोनाड्याच्या खोलीकडे, दारातल्या तिशी-पस्तिशीच्या माणसाकडे, ज्याचं एक पाऊल आधीच बाहेर होतं.

वाडीच्या त्या खोलीलाही दुसरी किल्ली असणार. धर्मशाळेत असतेच. मी मागितली असती तर मिळाली असती.