दर्शनी भिंत

सुवर्णाकाकू नेपरव्हिल उपनगरातून लोकलने शिकागोला आल्या, त्या थेट आपल्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अगं बाई! लाल विटा घासूनपुसून लख्ख, दाराची पितळी कडी तीच, वर पाटीही तीच, 'सुवर्णा स्नॅक्स'. वर्षानुवर्षं इथेच त्यांनी बटाटेवडे तळले होते. मागे मात्र काचेचा टॉवर उभा राहिला होता.

जुनी इमारत पाडायचं ठरलं तेव्हा प्रीता घरी आली होती. अमेरिकेतच जन्मलेली, काकूंचे वडे खाऊन वाढलेली, आता टॉवरवाल्यांची आर्किटेक्ट. "काकू, सिटीच्या हिअरिंगला तुम्ही बोला. बिल्डिंग सेव्ह झाली की शॉप तुम्हालाच परत." काकू भर सभेत बोलल्या, रडल्याही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना काय जातंय! आज उद्घाटन, म्हणून काकूंनी नवा झारासुद्धा पिशवीत घालून आणला होता.

त्यांनी कडी ओढली. दार हलेना. खांदा लावला, तरी ढिम्म.

"ते ओपन नाही होत, काकू!" प्रीता धावत आली. "मागे पार्किंग आहे. फक्त फ्रंट ठेवलाय. इकडून या."

"आणि माझं दुकान?"

"ओनर्सना तळणाचा स्मेल नको होता." प्रीता खाली बघत म्हणाली. "आय ट्राइड, काकू. पण आत तुमच्यासाठी सरप्राइज आहे!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकूंना शिसारी आली. आंबा चोखून खायचा आणि साल तबकात मांडून मिरवायची! शी!

लॉबीत वाइनचे ग्लास घेतलेली माणसं जुन्या विटांचं कौतुक करत होती. भिंतीवर काकूंचा भलामोठा फोटो होता, कढईपुढे हसणारा. फोटोला झेंडूचा ताजा हार.

काकूंनी जवळ जाऊन हार निरखला. "हार कुणी घातला गं?"

"मीच! आमच्या घरी आजीच्या फोटोला असतो ना, रिस्पेक्ट म्हणून."

"आजी गेल्यावर घातला ना तो?"

प्रीताचा चेहरा पांढराफटक पडला. "ओ माय गॉड. सॉरी काकू, काढते मी."

तिने वर केलेला हात काकूंनी धरला.

"राहू दे. पाटी लावलीत, फोटो लावलात, हारच तेवढा राहिला होता."

झाऱ्याची पिशवी काखोटीला मारून त्या स्टेशनकडे चालू लागल्या.