सुईखालचा हात

“कोपरापासून मनगटापर्यंत भर,” व्यंकटराव म्हणाला आणि बायकोचा हात त्याने गोंदणारणीपुढे ठेवला. एखादी वस्तू ठेवावी तसा. “वेल काढ, तुळस काढ. खालचं काही दिसलं न्हाई पाहिजे. परवा हिच्या भावाची हळद हाये.”

कुरुंद्याच्या बाजारात शकुबाई वीस वर्षे गोंदत होती. सुई उचलण्याआधी ती हात नीट पाहून घेई. या हातावर विडीच्या टोकाएवढे तीन गोल डाग होते, एका ओळीत.

“काहून भाजलं गं, पोरी?”

मंजुळेने नवऱ्याकडे पाहिले.

“चुलीतला इंगळ उडाला,” उत्तर त्यानेच दिले.

इंगळ असे ओळीने उडत नाहीत. तरीही शकुबाईने नेहमीची थट्टा करून पाहिली. “नाव घे की कारभाऱ्याचं! सुईचं दुखणं कळायचं न्हाई.”

या थट्टेने पोरी लाजत. मंजुळेचा हात मात्र तिच्या हातात थंडगार पडला.

धोतर सावरून व्यंकटराव समोरच बसला. तो उठणार नव्हता.

शकुबाईने काजळाची वाटी जवळ ओढली. हे डाग झाकले, तर हा हात आईलाही काही सांगू शकणार नव्हता. एका डागाभोवती, डागाला न शिवता, तिने ठिपक्यांचे कडे गोंदायला घेतले. शाई ओघळून हात काळा माखला. तिच्याखाली काय उमटते आहे, ते फक्त त्या दोघींना कळत होते. मंजुळा दचकली.

सुई थांबली. “सोसंल का, माय?”

या वेळी मंजुळेने नवऱ्याकडे पाहिले नाही.

“सोसंल. काढा तुमी.”

तीन कडी पुरी झाल्यावर शकुबाई म्हणाली, “आता पुसू नका, मालक, पिकंल. हळदीच्या दिवशी मायनंच धुवावं.”

पुढच्या बाजारी तो एकटा आला.

“काय काढलंस गं तिच्या हातावर? लेक ठेवून घेतली त्यायनी! धाडत न्हाई म्हणून राहिले!”

“जे होतं तेच दाखवलं, मालक.”

त्याने वाटी लाथेने उडवली. काळी शाई धुळीत पसरली. शकुबाई जागची हलली नाही. शिव्या देत तो निघून गेला, तेव्हा तिने वाटी उचलून पदराने पुसली आणि समोर हात पुढे करून बसलेल्या बाईला म्हणाली,

“थोडं थांब, माय. काजळ नव्यानं घोटावं लागंल.”