टँकर पुढं पळाला

माझ्या हळदीच्या दिवशी मांडव होता, पाहुणे होते, हळदही वाटून तयार होती. पाणी तेवढं नव्हतं. आमच्या वस्तीचा आड आटून महिने झाले होते. दूध संस्थेनं एक टँकर कबूल केला. ड्रायव्हर धोंडप्पा या भागात नवखा, म्हणून त्याला सांगितलं, "फाट्यावर पांढऱ्या टॉवेलवाला मोटारसायकलवर भेटंल. त्याच्या मागं या."

टॉवेलवाला म्हणजे माझा भाऊ बद्रीनाथ. उन्हाला भिऊन त्यानं टॉवेल कानांवरून करकचून आवळलेला. गाडीचे आरसे केव्हाच काढलेले. मागं बघत चालवणारे त्याला भित्रे वाटतात.

तो फाट्यावर पोचला आणि हॉर्न वाजला. टँकर मागून येत होता, पण समोरच्या उघड्या डोंगरानं आवाज परत फेकला आणि झाकलेल्या कानांना तो पुढूनच आल्यासारखा वाटला. "गेला का बे चुकीच्या रस्त्यानं!" म्हणत त्यानं आमचा रस्ता सोडून डोंगराकडं गाडी घातली.

वाटाड्या घाईत दिसतोय, म्हणून धोंडप्पा मागं लागला आणि 'हळू चाल' म्हणून हॉर्न देत राहिला. हा जितका वाजवी, तितका तो पुढचा टँकर गाठायला जोरात पळे.

रस्ता संपला तो धुळाजीच्या वस्तीत. बद्रीनाथ टँकर शोधत पार घरांमागच्या बांधापर्यंत गेला. परत येतो तर हीच लग्नाची वस्ती समजून धोंडप्पानं टँकरचा पाईप तिथल्या आडात सोडलेला!

"आवं, हे आमचं पाणी हाय! बहिणीची हळद हाय आज!" बद्रीनाथला रडूच फुटलं.

आडाभोवती वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यातली थोरली छबुबाई म्हणाली, "आडात पडलेलं पाणी परत कसं भरावं, लेकरा? नवरीलाच आण की हिकडं."

निरोप आला तेव्हा मी संतापले. असला भाऊ वैऱ्यालाही नको! पण करता काय, वाटलेली हळद आणि पाहुणे घेऊन आम्ही सगळे रिकाम्या घागरींसकट बैलगाड्यांतून निघालो.

त्या बायकांना आठवडाभर पाणी मिळालं नव्हतं. आता आडात पाणी होतं, हातात घागरी होत्या, पण एकीनंही घागर बुडवली नव्हती. छबुबाईनं पहिला हंडा शेंदून माझ्यासमोर ठेवला. "आदी लेकीची आंघोळ. आमचं व्हईल मागनं."

मला हसू आलं, रडूही आलं. बद्रीनाथला मी तिथल्या तिथं माफ केलं.

सासरचे अजून विचारतात, तुझं माहेर नक्की कुठलं? मी दोन्ही वस्त्यांची नावं सांगते.