पाहुण्यांसाठीचा कागद

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. घरी कोणी पाहुणा आला की होआई दार उघडते आणि वाचून दाखवते. पहिली ओळ तिच्या नवऱ्याच्या अक्षरात आहे. नवरा आता नाही. ओळ आहे.

१. रस्त्याने भरभर चालायचं.

२. भरभर चालायचं नाही, भ्यालेला माणूस लांबून ओळखू येतो.

"मग चालायचं कसं?" म्येनने विचारलं.

म्येन म्हणजे होआईची धाकटी बहीण, बावन्न वर्षांची. व्हिएतनाममधून तीन आठवड्यांसाठी आलेली, तीही आयुष्यात पहिल्यांदा.

"आपण नेहमी चालतो तसं."

"आपण नेहमी कसं चालतो?"

 सदतीस वर्षं होआई पूर्व जर्मनीतल्या लोबवित्स गावात चालते आहे. आधी शिलाई कारखान्याची कामगार म्हणून, जर्मनी एक झाल्यावर बेकार म्हणून, आणि मग अल्टरेशनच्या दुकानाची मालकीण म्हणून. पण चालते कशी, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

७. ट्राममध्ये ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचं.

८.

आठवी ओळ तिने इतकी गिरवून खोडली आहे की कागदाला तिथे भोक पडलंय. काय होती ते आता तिलाही आठवत नाही.

९. कोणी काही बोललं तर कळलंच नाही असं दाखवायचं.

१०. कळलं नाही असं दाखवू नये. परक्याला जास्त बोलतात.

"ताई, हा कागद दोघांनी भांडून लिहिलाय का?"

"पहिली ओळ सोडली तर एकटीनेच लिहिलाय," होआई म्हणाली. "वेगवेगळ्या वर्षी."

म्येन काही फिरायला आली नव्हती. तिची मुलगी ख्वे एकोणीस वर्षांची. जर्मन भाषेची परीक्षा पास झाली होती आणि याच गावातल्या वृद्धाश्रमात तिची निवड झाली होती. तीन वर्षं शिकायचं, शिकता शिकता पगारही मिळणार. एकच फॉर्म उरला होता: मुलगी मावशीकडे राहील, असं मावशीने लिहून द्यायचं. म्येन परत जाईल त्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत फॉर्म पोचायला हवा होता. त्यावर सही व्हायच्या आधी म्येनला बहिणीच्या तोंडून एक शब्द हवा होता.

"इथे पोरगी सुखरूप राहील का? हो की नाही, एवढंच सांग."

"इथे आपली माणसं आहेत, दवाखाने चांगले आहेत, थंडी जरा—"

"थंडीचं नाही विचारलं मी."

तीन आठवड्यांत तिने हे निदान वीसदा विचारलं असेल. भात वाढताना विचारलं, दात घासताना तोंडात फेस असताना विचारलं. होआई दरवेळी दुसरंच काहीतरी सांगायची, आणि ते सगळं खरं असायचं. एक्क्याण्णव साली ती राहायची त्या परदेशी कामगारांच्या वसतिगृहावर दगड पडले, तेही खरं. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईने सूप आणून दिलं, तेही खरं. ती बाई दगड पडताना खिडकीतून बघत उभी होती. तेसुद्धा.

*

म्येन मंगळवारी निघणार होती; त्याआधीच्या शुक्रवारी टीत्से नावाचे गृहस्थ जॅकेट न्यायला आले. साठीचे, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, होआईचं जुनं गिऱ्हाईक. काळ्या जॅकेटला तिने नवी चेन बसवली होती आणि बाहीवर एक कापडी बिल्ला शिवला होता. जुन्या वळणाची तीन अक्षरं, भोवती पानांचा गोल. असे चार बिल्ले तिने या वर्षात शिवले होते, चार वेगळ्या माणसांसाठी. त्यावर काय लिहिलंय हे तिने कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं.

टीत्सेंनी चेन तीनदा वरखाली केली. "लोण्यासारखी चालते."

"पितळेची आहे. टिकेल."

कोपऱ्यात म्येन बटणं निवडत बसली होती. टीत्सेंनी तिच्याकडे पाहिलं.

"बहीण ना? चेहरा तोच आहे." मग जॅकेटची घडी घालत, खाली बघून म्हणाले, "फ्राउ होआई, सोमवारी दुपारीच दुकान बंद करा. आणि बहिणीला बाहेर नेऊ नका."

"का हो?"

"सांगितलं. बास."

दारावरची घंटा वाजली आणि ते गेले.

म्हणजे काय?

शनिवारभर होआईने ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. बहिणीला बाहेर नेऊ नका. काळजीने सांगितलं असेल तर डोळ्यांत बघून का नाही सांगितलं? दम द्यायचा असेल तर 'फ्राउ होआई' असं मानाने, बाई लावून कशाला म्हणतील? आणि चेहरा तोच आहे म्हणजे? तिने म्येनला आरशासमोर उभं केलं.

"आपला चेहरा सारखा आहे का गं?"

"तुझं नाक बाबांचं आहे. काय झालंय तुला?"

सोमवारी गावात माणसं जमतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ढोल असतो, झेंडे असतात, परक्यांनी परत जावं असे फलक असतात. ते त्याला फेरफटका म्हणतात. पण तो सहाला सुरू होतो, कित्येक वर्षं सहालाच. आणि वृद्धाश्रमातल्या बाईंनी सोमवारी दोनची वेळ दिली होती. चारपर्यंत परत. होआईने मनाशी गणित केलं आणि ते बरोबर आलं.

१२. सोमवारी पाचच्या आत घरी.

*

वृद्धाश्रम छान होता. माशांची काचपेटी होती, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या होत्या. व्यवस्थापक बाई म्हणाल्या की अकरा खाटा रिकाम्या आहेत, पण करायला हात नाहीत म्हणून म्हातारे घेता येत नाहीत. त्यांनी म्येनचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्या मुलीला सांगा, आम्ही वाट बघतोय."

होआईने भाषांतर करून सांगितलं. म्येनचे डोळे भरून आले. "बघ, हा झाला 'हो'," ती ट्राममध्ये म्हणाली. दोघी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या.

पावणेचारला ट्राम दोन थांबे अलीकडेच थांबली.

"पुढे रस्ता बंद आहे," ड्रायव्हर म्हणाला. "आज त्यांनी फेरफटका लवकर काढलाय."

दुपारीच दुकान बंद करा. दुपारीच. होआई उतरता उतरता पायरीवर थबकली. दोन दिवस ती 'बहिणीला' या शब्दाचा कीस पाडत बसली होती, आणि वेळ तर टीत्सेंनी सरळ सांगितली होती.

लख्ख ऊन होतं. चौकात दोन-तीनशे माणसं. बाबागाडीत बाळ होतं, थर्मास होते, कोणीतरी केक कापत होतं. पावाच्या दुकानातल्या बाईने होआईला हात केला. दुसऱ्या हातात झेंडा होता.

"आज सुट्टी घेतलीत वाटतं?"

"हो, जरा काम होतं," होआई म्हणाली. हसावं का, हे तिला कळेना. अर्धवट हसली.

"जत्रा आहे का?" म्येनने विचारलं आणि फोन वर धरला.

कागदावर फोटोचं काहीच नव्हतं. एक ते तेरा, कुठेच नव्हतं. बहुतेक ओळी लिहिल्या तेव्हा फोन भिंतीला असायचे.

मान कोरून केस कापलेला एक तिशीचा माणूस पुढे आला आणि त्याने फोनवर पंजा ठेवला. "काय टिपतेस? कोणाला दाखवणार?" मागून आणखी दोघे आले. म्येन त्यांच्याकडे बघून हसली. तिकडे व्हिएतनाममध्ये अनोळखी माणूस भेटला की असंच हसतात. त्याला ते काही वेगळंच वाटलं. त्याने फोन ओढून घेतला.

"कळत नाही तिला," होआई म्हणाली. "मी पुसते फोटो. द्या."

"तू गप."

तेवढ्यात गर्दीतून काळं जॅकेट आलं. होआईला आधी चेन दिसली, मग टीत्से. चेन कॉलरपाशी नखभर डावीकडे गेली होती. शुक्रवारी कशी नाही दिसली? आपल्याला आत्ता हे दिसतंय याचीच तिला भीती वाटली.

"सोड रे," टीत्से म्हणाले. "ही आमची शिवणारी आहे. तुझ्या बापाच्या पँटी हिनेच शिवल्यात."

"आणि ही?"

"पाहुणी आहे. उद्या परत जातेय." ते होआईकडे वळले. "हो ना? जातेय ना उद्या?"

सगळे तिच्याकडे बघत होते. पावाच्या दुकानातली बाईसुद्धा.

"हो," होआई म्हणाली. "उद्याच."

"बघ," टीत्से त्या माणसाला म्हणाले.

त्याने फोटो पुसले, फोन म्येनच्या हातात दिला आणि बाजूला झाला. गर्दीतून वाट झाली. दोघी त्या वाटेने चालल्या. भरभर की सावकाश, ते होआईला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

*

"काय म्हणाला तो जॅकेटवाला?" घरी आल्यावर म्येनने विचारलं.

होआईने शब्दाला शब्द सांगितलं.

"म्हणजे भला माणूस."

"माहीत नाही."

"म्हणजे वाईट माणूस."

"माहीत नाही, म्येन."

"सदतीस वर्षं राहून माहीत नाही? आणि पाहुण्यांना कागद वाचून दाखवतेस?"

होआईने पेजेचं भांडं गॅसवर ठेवलं. म्येनने दोन वाट्या काढून ठेवल्या. मग म्हणाली, "मी जाणार म्हणून मला सोडलं. तुला कशाला सोडलं?"

"मी शिवते म्हणून."

"ख्वे जाणार नाही, ती राहायला येणार आहे. म्हाताऱ्यांना आंघोळ घालेल. तेवढं पुरेल का त्यांना?"

पेज उतू गेली.

मंगळवारी फलाटावर म्येनने फॉर्म बहिणीच्या पिशवीत कोंबला. "तूच ठरव. मला विचारू नकोस, मला इथलं काही कळत नाही. तुलाही कळत नाही, पण तू निदान इथे असतेस."

घरी येऊन होआईने कपाटाचं दार उघडलं आणि कागदावर लिहिलं:

१४. त्यांच्यातला एक माणूस ओळखीचा ठेवायचा.

वाचलं. खोडलं. खोडलेल्यावर पुन्हा तेच लिहिलं. आता काही वाचताच येईना.

*

बुधवारी दारावरची घंटा वाजली. टीत्से नवी पँट घेऊन आले होते, खालून आखूड करायची होती.

"गेली का बहीण?"

"गेली."

"बरं झालं. म्हणजे—" ते पडद्याआड गेले. पँट घालून आले आणि आरशासमोरच्या लाकडी ठोकळ्यावर चढले. "मी दुपारी म्हटलं होतं."

"आठवतंय."

होआई गुडघ्यांवर बसली. फॉर्म मशीनच्या खणात होता, सहीची जागा कोरी. तिने पँटचा डावा पाय खालून दुमडून घेतला, पहिली टाचणी लावली आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"तिची मुलगी येतेय ऑगस्टमध्ये. माझ्याकडेच राहणार आहे."

हे तिने का सांगितलं? चौदावी ओळ म्हणून? की सोमवारचा तो 'हो, उद्याच' तोंडातून काढून टाकायला? आणि हे कधी ठरलं? ठरलं होतं, एवढं मात्र खरं; आता सही करायचीच राहिली होती.

 आरशात टीत्सेंची फक्त हनुवटी दिसत होती.

"किती वर्षांची आहे?"

"एकोणीस."

"हं." पाय जरासा हलला. "आणि काम कुठे करणार?"

होआईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तिने प्रश्नाआधी धरल्या की नंतर, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिने त्यांच्या घोट्यावर दोन बोटं टेकवली: सरळ उभे राहा. ते सरळ उभे राहिले. ती गुडघ्यांवरच सरकत दुसऱ्या पायाकडे गेली आणि अगदी सावकाश, एकेक टाचणी लावू लागली. ते वाट बघत होते. तोंडात अजून दोन उरल्या होत्या.