सूर्य जेमतेम दिसेल इतपत

पडद्यावर लिहिलंय: सूर्य जेमतेम दिसेल इतपत उजेड वाढवा.

पांढरा चौकोन. त्यात पांढराच सूर्य. बटण दाबत गेलं की चौकोन उजळतो आणि सूर्य त्यात विरतो. गेमचं यंत्र नव्या टीव्हीला जोडलं की ते आधी हे करून घेतं. इथे चुकलं तर गेममधलं आभाळ नुसतं भगभगीत दिसतं, ढगबिग काही उरत नाही.

यंत्र अवधूतचं, माझ्या धाकट्या भावाचं. बटणं मात्र अप्पांच्या, आमच्या वडिलांच्या हातात.

कारण रंगाचा प्रश्न आला की अप्पा. लालबागच्या आमच्या चाळीत कुणाकडेही टीव्ही आला की चित्र अप्पाच लावून देणार. ते परळच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात, मी जन्मायच्या आधीपासून. उद्या सकाळी यंदाची आखणी सुरू होते.

"दाबा," अवधूत म्हणाला. "सूर्य जायला आला की थांबा."

"खंयचो सूर्य?"

"मधला, अप्पा."

"मधी काय नाय. नुसता पांढरा आसा."

अजून एकदाही बटण दाबलं नव्हतं.

केबल, अवधूत म्हणाला. त्याने सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल लावली होती. ती काढून यंत्राबरोबर आलेली जाडी लावली.

"आता?"

"नाय."

मग गेम मोड. मग टीव्हीने आपल्या अकलेने चित्र गुळगुळीत करायचं जे काही असतं ते बंद. मग दुकानातला भडक मोड काढून साधा.

"आता?"

"नाय रे."

"टीव्हीतच फॉल्ट आहे," अवधूत टीव्हीच्या मागून बोलला. डोकं तिकडेच, केबल दुसऱ्या जागी खोचत. "शोरूममधला पीस टेकवला मला दुकानवाल्याने."

"लग्नाचो झालंस आणि खेळणा घेऊन बसलंस. वर टीव्हीक नावा ठेवतंस."

मी स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत उभी होते.

मला सूर्य दिसत होता.

तिरका कोन, हातात लसूण, चष्मा घामाने घसरलेला, तरी दिसत होता. किरणांसकट.

अवधूत समोर आला. त्याने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अप्पा, मस्करी करताय."

"मस्करी कित्याक करू?"

पांढऱ्याचं अवधूतने स्वतःच उरकलं. पडद्यावर लिहिलंय: आता काळा चौकोन.

काळ्यातला सूर्य अप्पांना दिसला. लगेच. "ह्यो बघ, कसो ठळक दिसता."

"बघ ताई, दिसतंय त्यांना," अवधूत म्हणाला, आणि मी श्वास सोडला. काळं दिसतं म्हणजे रेघ दिसते. रेघ दिसते म्हणजे आखणी

नाही.

आखणी नुसती रेघ नसते. बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरं असतं, आणि त्या पांढऱ्यात कडेला एक पुसट निळी छटा. असून नसल्यासारखी. तिच्यामुळे नजर ओली वाटते. त्या छटेसाठी माणसं पार वसईहून अप्पांच्या मूर्ती न्यायला येतात.

आणि चाळीतल्या सावंतांच्या घरी, जिथे दिवाळीत अप्पांनी टीव्ही लावून दिला, तिथे बातम्या वाचणारी बाई निळसर दिसते. सावंत कुणाला हात लावू देत नाहीत. अप्पांनी लावलाय म्हणतात.

मी फोन काढला. गेल्या वर्षीच्या आमच्या घरच्या गणपतीचा फोटो, फक्त चेहरा. तो टीव्हीवर घेतला. फोनवर मी तो शंभरदा पाहिला असेल.

टीव्ही आता नीट लागला होता. जे आहे ते दाखवत होता.

डोळ्यांत निळं होतं. छटा नाही. निळं. मुका मार लागून साकळतं तसं, दोन्ही डोळ्यांत, कोपऱ्यापासून बुबुळापर्यंत.

ह्या डोळ्यांसमोर आम्ही आरत्या म्हटल्या. अख्खा मजला पाया पडून गेला. कुणी बोललं नाही. डोळे अप्पांनी काढलेले.

अवधूत खाली बसला.

"फोटो बरो इलो हा," अप्पा म्हणाले. "टीव्ही चांगलो आसा तुझो."

अवधूतने मान खाली घातली.

"काय झाला?" ते माझ्याकडे वळले. "दर्शना. काय दिसता तुका?"

"निळं, अप्पा."

"किती?"

ते उठले, पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले, डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हंय?"

"हो."

बोट सरकवलं. "हंय?"

"हो."

बुबुळाच्या कडेला टेकवलं. विचारलं नाही. मी तरी हो म्हटलं.

बोट तसंच ठेवून त्यांनी मला रघुवीरला फोन लावायला सांगितला. रघुवीर कारखान्याचा मालक, अप्पांच्या हाताखाली शिकलेला. स्पीकरवर मागे रंगाच्या मशीनची घरघर येत होती.

"बोला अप्पा. उद्या लवकर या हां, मोठी मूर्ती तुमच्यासाठी थांबलीय."

"रेघ मी मारीन. पांढऱ्याला दुसरा बघ."

"काय अप्पा, घरी मस्करीला कुणी गावलं नाही काय? तुमच्या पांढऱ्यावर तर आपलं नाव."

"गेल्या वर्षीचे फोटो मोठ्या टीव्हीवर लावून बघ, रघू. मग बोल."

घरघर थांबली. त्याने मशीन बंद करायला लावली असावी.

"बघितलेत," रघुवीर म्हणाला.

अप्पा उभेच.

"दोन गणपती झाले, अप्पा. तुम्ही घरी गेलात की आम्ही पांढरं पुसून परत करतो. रेघेला हात लावत नाही, शप्पथ. तुमच्या घरची तेवढी राहिली. ती तुम्ही डोळे काढून तशीच उचलून नेलीत."

अवधूतने मान वर केली. मी टीव्ही बंद करायला रिमोट शोधला. तो अप्पांच्या हातात होता.

"सांगणार कोण तुम्हाला," रघुवीर म्हणाला. "मी सांगू?"

अप्पांनी हात पडद्यावरून काढला. काचेवर बोटाचा डाग राहिला.

"उद्या लवकर येतो," ते म्हणाले. "पण उद्या माझ्यासमोर पुसा."